घरच्या घरी ताकद कशी कमवावी?
(सभासदांसाठी एक पाठ)



बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांवर आपण नेहमीच वाचतो. आज जमीन घटकाभर बाजूला ठेवू आणि ती कसणाऱ्या देहाचा विचार करू. घरच्या घरी, पदराला खार न लावता, अंगात ताकद कशी आणावी हा आजचा विषय आहे. छत्रपती संभाजीनगर शहरात गल्लोगल्ली जिम झाल्या आहेत. पण गंगापूर, पैठण, वैजापूर, कन्नडकडच्या वस्तीवर राहणाऱ्या माणसाने पहाटेची मोटर, धारा आणि मुलांची शाळा सोडून तिकडे कधी जायचे? जाण्याची गरजही नाही. घरात जे आहे तेवढ्यावर भागते. फक्त पद्धत माहीत पाहिजे.

आम्ही शेतात राबतो, मग व्यायाम कशाला?

हा प्रश्न पहिला येणार, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

माझे वडील तरुणपणी तालमीत जात. पाचशे बैठका हा त्यांचा रोजचा रतीब होता. पुढे संसार लागला, तालीम सुटली. ‘केलेलं अंगात असतंय’ असे ते म्हणत. सत्तरी ओलांडली तेव्हा त्यांना बाजेवरून उठायला दोन माणसे लागू लागली. आजार म्हणावा असा काही नव्हता. मांड्यांतली ताकद गेली होती, एवढेच. परसाकडे जायचे तर कुणाला तरी हाक मारावी लागे. त्या हाकेची त्यांना फार लाज वाटायची. जेवण कमी केले की जाणे कमी होईल, म्हणून त्यांनी जेवणच कमी केले आणि ताकद आणखी गेली. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

त्यातून मी एक गोष्ट शिकलो. ताकद ही मुदत ठेव नाही. एकदा ठेवली आणि म्हातारपणी व्याजासकट काढली असे होत नाही. तिशीनंतर माणसाचे स्नायू दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के घटतात, आणि साठीनंतर घट आणखी वाढते. जो स्नायूंना काम देतो त्याची घट कमी होते, आणि गेलेली ताकद बरीचशी परतही येते.

आता राबण्याचे पाहू. मागच्या पिढीने मोट हाकली, नांगर धरला, पायी बाजार केला. आज नांगरट ट्रॅक्टर करतो, पाणी ठिबक देते, तोडणी टोळी किंवा हार्वेस्टर करतो आणि गावात जायला मोटारसायकल आहे. उरलेले काम एकाच बाजूचे असते. खुरपताना तासन् तास वाकणे, फवारणीचा पंप पाठीवर घेणे, आणि मग एखाद्या दिवशी अचानक पन्नास किलोची गोणी उचलणे. शरीर त्या दिवसासाठी तयार नसते. मी स्वतः चौपन्नाव्या वर्षी ट्रॉलीतून खताची गोणी उतरवताना कमरेतून वळलो आणि तिथेच खाली बसलो. ऊस तोडणीला आला होता, टोळी फडात उतरली होती आणि मी तीन आठवडे बाजेवर. त्या तीन आठवड्यांनी मला व्यायामाला लावले.

साखरेचे गोदाम

साखर कारखान्याच्या अंकात साखरेच्या रोगावर लिहायचे, म्हणजे काहींना गंमत वाटेल. पण मधुमेह आता आपल्या वाड्या-वस्त्यांवर पोहोचला आहे, तेव्हा बोललेच पाहिजे.

कारखान्यात पोती तयार झाली की ती गोदामात जातात. गोदाम लहान पडले तर पोती यार्डात उघड्यावर पडून राहतात. आपल्या देहात जेवणानंतरची साखर साठवण्याचे सर्वांत मोठे गोदाम म्हणजे स्नायू. स्नायू झिजले की गोदाम आकसते आणि साखर रक्तात फिरत राहते. स्नायू राबवले की ते रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून मधुमेहाच्या माणसाला चालण्याच्या जोडीला ताकदीचा व्यायामही सांगितला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशींत प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे भरभर चालण्यासारखी हालचाल आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. हनुमान जयंतीला शहरातून खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जाणारे हजारो लोक आपण पाहतो. चालणे चांगलेच. पण त्यातल्या किती जणांना हाताचा टेकू न घेता जमिनीवरून उठता येते? ताकदीचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

ही विद्या आपलीच

ताकदीचा व्यायाम म्हणजे परदेशी खूळ असे कुणी समजू नये. जोर, बैठका, करेल, जोडी, मुद्गल, दगडी नाल, मल्लखांब हे सारे आपल्याच मातीतले. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली जांबचा. तो भाग आज जालना जिल्ह्यात असला, तरी १९८१ पर्यंत आपल्याच औरंगाबाद जिल्ह्यात होता. बलोपासनेचे दैवत मारुती गावोगाव नेण्याचे श्रेय परंपरा त्यांनाच देते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा प्रसार आपल्या संस्थानातल्या शाळांतून केला. अमरावतीला १९१४ साली सुरू झालेल्या आखाड्यातून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. यांपैकी कशालाही महागडी यंत्रे लागली नाहीत.

मूळ नियम: थोडे थोडे वाढवणे

इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावर क्रोटन नावाची ग्रीकांची वसाहत होती. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात तिथे मिलो नावाचा मल्ल होऊन गेला. त्याची कथा सांगतात की, तो रोज एक वासरू खांद्यावर उचलायचा. वासरू वाढत गेले, तशी त्याची ताकदही वाढत गेली, आणि एक दिवस तो पुरा बैल उचलू लागला. कथेतला बैल सोडून द्या, पण त्यातला नियम खरा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांचे दुबळे पाय याच नियमाने बळकट केले. आधी थोडे वजन, जमले की जरा जास्त.

वय आड येते का? १९९० साली बोस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या, नव्वदीच्या आसपास वय असलेल्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला गेला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पहिल्याच्या पावणेतीन पट झाली. दोघांची तर चालताना लागणारी काठी सुटली. तेव्हा ‘आता काय उपयोग’ हे वाक्य साठीच्या माणसाने तरी बोलू नये.

दुसरा नियम विश्रांतीचा. उसाला पाणी दिले की वाफसा येईपर्यंत आपण थांबतो. रोज पाणी तुंबवले तर मुळ्या कुजतात. स्नायूचेही तसेच आहे. व्यायामाने त्याला ताण बसतो आणि भरून निघण्याचे काम पुढच्या दिवसा-दोन दिवसांत, झोपेत आणि जेवणात होते. म्हणून आठवड्यातून तीन दिवस पुरेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार धरा. मधले दिवस वाफशाचे.

साहित्य

१. खाण्याच्या तेलाचे रिकामे पाच लिटरचे दोन कॅन. पाण्याने भरले की एकेक साधारण पाच किलो. कोरडी वाळू भरली तर त्याच्या दीडपटीहून थोडे जास्त. कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा कॅन कितीही धुतला तरी घेऊ नये.
२. एक धान्याचे पोते, त्यात सुरुवातीला दहा किलो वाळू, तोंड घट्ट शिवून.
३. सायकलची जुनी ट्यूब, भेगा नसलेली.
४. भिंत, ओटा, न हलणारी खुर्ची किंवा बाज, आणि एक सरळ काठी.

एवढेच. खर्च झाला तर वाळूचा.

आधी परीक्षा

माती परीक्षणाशिवाय खत देऊ नये, तसेच हे. खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर आडवे बांधून खुर्चीवर बसा. तीस सेकंदांत पूर्ण उभे राहणे आणि बसणे किती वेळा होते ते घरच्या कुणाला तरी मोजायला सांगा. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला १४ पेक्षा कमी आणि स्त्रीला १२ पेक्षा कमी झाले, तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी आहे असे समजतात. आकडा तारखेसह वहीत लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचा आहे.

ज्यांना हृदयविकार, फार वाढलेला रक्तदाब, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा पायात मुंग्या आणणारे कमरेचे दुखणे आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये आणि खिशात गुळाचा खडा ठेवावा.

सहा व्यायाम

सुरू करण्याआधी पाच मिनिटे अंगणात चाला, खांदे आणि खुबे फिरवा. जोर लावताना श्वास सोडा, परत येताना घ्या. श्वास कोंडून कुंथत उचलू नका. रक्तदाब वाढतो.

पहिला, बैठक. पायांत खांद्याएवढे अंतर ठेवा. खुर्चीवर हळूच टेका आणि हात न लावता उठा. गुडघे पायांच्या बोटांच्या दिशेने जावेत, आत पडू नयेत. सोपे झाले की खुर्ची काढा. मग एक कॅन छातीशी धरून करा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बाज विटांवर ठेवून उंच करावी आणि तेवढेच खाली जावे.

दुसरा, जोर. थेट जमिनीवर जाऊ नका. पहिले दोन आठवडे भिंतीवर हात टेकून, मग ओट्याच्या काठावर, मग जमिनीवर. टाचांपासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवा. पोट लोंबू देऊ नका. तालमीतले झोक्याचे जोर जमिनीवर साधे बारा जोर आल्यानंतर.

तिसरा, ओढ. शेतकामात ढकलणे आणि वाकणे होते, छाती उघडून ओढणे फार थोडे. म्हणून खांदे पुढे झुकतात. ट्यूब लिंबाच्या खोडाला किंवा पक्क्या खांबाला छातीच्या उंचीवर अडकवा. दोन्ही टोके धरून कोपरे मागे ओढा, पाठीचे दोन्ही फरे जवळ आणा, क्षणभर थांबा, हळूच सोडा. जोर कमी वाटला तर एक पाऊल मागे सरका.

चौथा, उचल. हा सर्वांत महत्त्वाचा, आणि नीट शिकावा असा. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभे राहा. काठी पाठीवर उभी धरा. ती डोक्याला, दोन फऱ्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला टेकली पाहिजे. आता गुडघे किंचित वाकवून कुल्ले मागे न्या आणि भिंतीला लावा. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेलीच राहिली, तर तुम्ही खुब्यातून वाकलात. सुटली, तर पाठीतून वाकलात. आठवडाभर फक्त हेच करा. मग दोन्ही हातांत कॅन घेऊन, पुढे वाळूचे पोते घेऊन करा. पोते पायांच्या अगदी जवळ, उचलताना अंगाला घासत वर. वळायचे असेल तर पावले टाकून वळा, कमरेतून पिळू नका. माझी चूक नेमकी तीच होती.

पाचवा, वाहणे. दोन्ही हातांत भरलेले कॅन घ्या, छाती ताठ ठेवून अंगणात तीस-चाळीस पावले चाला. मग एकाच हातात घेऊन तेवढेच, मग दुसऱ्या हातात. याने पंजा, खांदा आणि कंबर तिन्ही बांधली जातात.

सहावा, फळी. कोपरे आणि पायांची बोटे टेकून अंग फळीसारखे सरळ धरा. जमत नसेल तर गुडघे टेकून. दहा सेकंदांपासून सुरुवात, हळूहळू तीसपर्यंत.

बारा आठवड्यांचा हिशेब

आठवडा १ आणि २: प्रत्येक व्यायाम आठ वेळा, अशा दोन फेऱ्या. वजन नाही किंवा अगदी हलके. या काळात फक्त पद्धत शिकायची.

आठवडा ३ ते ८: आठ ते बारा वेळा, तीन फेऱ्या. दोन फेऱ्यांमध्ये दीड-दोन मिनिटे विसावा. शेवटच्या एक-दोन वेळा कष्टाच्या वाटल्या पाहिजेत, पण अजून दोन काढता आल्या असत्या असे वाटून थांबावे.

आठवडा ९ ते १२: तिन्ही फेऱ्यांत बारा वेळा सहज निघाल्या की वजन वाढवा. आधी पाण्याचा कॅन वाळूचा करा, पाऊण भरा, मग पूर्ण. पोत्यात एका वेळी दोन-तीन किलोच वाढवा. वजन वाढले की पुन्हा आठ वेळांपासून सुरुवात.

सगळे मिळून पाऊण तास. गळीत हंगामाच्या धावपळीत दोनच दिवस जमले तरी चालेल, पण बंद करू नका. वहीत तारीख, व्यायाम, वजन आणि वेळा लिहा. खात्याचा उतारा पाहिल्याशिवाय शिल्लक कळत नाही.

पहिल्या आठवड्यात मांड्या आणि दंड दुखतील. दोन-तीन दिवसांत ते जाते. सांध्यात टोचणारी कळ, पायात उतरणारी मुंगी, छातीत दडपण, चक्कर यांपैकी काही झाले तर त्याच क्षणी थांबा. छातीचे दडपण असेल तर १०८ ला फोन करायला लाजू नका.

पहिल्या महिन्यात ताकद वाढलेली जाणवेल, पण आरशात काही दिसणार नाही. त्याचे कारण असे की, आधी मज्जातंतू स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात. स्नायू भरणे नंतर येते. उसाला आधी मुळ्या सुटतात, कांडी मागून धरते, तसेच हे. पुष्कळ लोक याच टप्प्यावर सोडून देतात.

खाणे

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. एका अंड्यात साधारण सहा, पावशेर दुधात आठ, शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत बावीसच्या आसपास आणि मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम असतात. बाजरी-ज्वारीची भाकरीही भर घालते. नुसती भाकरी-चटणी किंवा चहा-बिस्किटावर ताकद येत नाही. दूध सगळे डेअरीला न घालता पेलाभर घरी ठेवा, वरण पातळ करू नका. डब्यातल्या महागड्या भुकटीची गरज नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

भगिनींसाठी दोन शब्द

‘बायका दिवसभर वाकतातच की’ हे मी अनेक घरांत ऐकले. पाळी गेल्यानंतर हाडे झपाट्याने विरळ होतात. मग न्हाणीत पाय घसरण्याचे निमित्त होते आणि खुब्याचे हाड मोडते. भार उचलणाऱ्या व्यायामाने हाडे टिकायला मदत होते, आणि पाय बळकट असले की पडणेच कमी होते. अंग पुरुषी होईल ही भीती खोटी आहे. अंगणात संकोच वाटत असेल तर घरात दार लावून करा. माझ्या घरी सासू-सून मिळून करतात आणि मोजणी नात करते. पुरुषांनी तेवढा पाऊण तास चूल सांभाळली, तर त्यातही व्यायामच आहे.

शेवटी

माझे वय आता एकसष्ट. पैलवान झालो नाही आणि व्हायचेही नाही. पण खताची गोणी उचलताना आता आधी पाय लावतो, मग श्वास सोडतो, मग उचलतो. सकाळी बाजेवरून हात न टेकता उठतो आणि उठताना दर वेळी वडील आठवतात. त्यांच्या वेळी हे कुणी सांगितले असते, तर त्यांची शेवटची वर्षे वेगळी गेली असती.

लागणीचा ऊस गेला तरी निगा राखली तर खोडवाही चांगला येतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पन्नाशीनंतरचा देह हा खोडवाच आहे. पाचट जाळून मोकळे होऊ नका.

येत्या सोमवारी तेलाचे दोन कॅन धुऊन उन्हात ठेवा आणि खुर्चीची परीक्षा करून आकडा वहीत टाका. घरात म्हातारे माणूस असेल तर त्यालाही खुर्चीवर बसवा आणि शेजारी उभे राहून मोजा.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद